विल्यम कॅरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम कॅरी कोण होते, आणि मराठी वाचकाने त्यांच्याबद्दल का वाचावं?

कॅरी (१७६१–१८३४) हे इंग्लंडमधले बाप्टिस्ट शास्त्रपंडित. बायबलच्या मूळ हिब्रू आणि ग्रीक पाठांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं आणि चाळीसएक वर्षं बंगालमध्ये बसून ते भारतीय भाषांत आणलं. पाठ्यपुस्तकांत ते 'आधुनिक मिशनचे जनक' म्हणून एका ओळीत येतात. पण १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापून काढणारा माणूस हाच. मोडीचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, पाडून मराठी शब्द छापले गेले ते त्यांच्याच छापखान्यात, आणि तेही महाराष्ट्रापासून दूर, हुगळीच्या काठावर सेरामपूरला. आपल्या भाषेच्या छपाईचा इतिहास सांगताना हे प्रकरण घाईघाईत उरकलं जातं. ते सविस्तर सांगावं, एवढ्यासाठीच हे पान.

सेरामपूर म्हणजे आपलं श्रीरामपूर का?

नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी याचा काही संबंध नाही. हे बंगालमधलं श्रीरामपूर, कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीच्या पश्चिम काठावरचं. कॅरींच्या काळात तिथे डेन्मार्कची सत्ता होती आणि गावाचं अधिकृत नाव होतं फ्रेडरिक्सनगर. गोंधळ नको म्हणून या पानावर सगळीकडे 'सेरामपूर' असंच लिहिलं आहे.

बाप्टिस्ट असण्याचा त्यांच्या आयुष्यावर काय परिणाम झाला?

फार मोठा. बाप्टिस्ट हे प्रॉटेस्टंटांमधले. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणं त्यांना मान्य नाही. कळत्या वयात स्वतः विश्वास धरलेल्या माणसाने पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असं ते मानतात. कॅरींनी तो ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्दॅम्प्टनच्या नेन नदीत घेतला.

इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या अशा लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी घेता येत नसे. म्हणजे गरिबी नसती तरी कॅरींना विद्यापीठाचं दार बंदच होतं. पुढे कलकत्त्यात, कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजातही हीच अडचण आडवी आली. तिथे १८०१ साली त्यांना नेमलं ते 'शिक्षक' म्हणून, महिना ५०० रुपयांवर. चर्चबाहेरच्या माणसाला प्राध्यापक म्हणायची सोय नव्हती. ते पद आणि १००० रुपये पगार मिळायला १८०७ उजाडलं.

मग ते ग्रीक आणि हिब्रू शिकले कुठे?

जोड्यांच्या दुकानात. जन्म नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी या खेड्यातला, वडील विणकर. ते पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले, त्यामुळे घरात वाचनाची सवय होती. चौदाव्या वर्षी मुलाला पिडिंग्टनला जोडे शिवायच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवलं. मालकाच्या फळीवर नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या दुसऱ्या भागाचं, एक विवरण होतं आणि त्यात मधूनमधून ग्रीक शब्द छापलेले होते. कॅरी ते शब्द अक्षर न कळता जसेच्या तसे उतरवून घेत आणि गावी गेलं की थोडं ग्रीक येत असलेल्या एका विणकराकडून अर्थ समजून घेत. सुरुवात ही एवढीच. त्यानंतर लॅटिन, हिब्रू, डच, फ्रेंच, इटालियन, सगळं उसन्या पुस्तकांवर आणि बरंचसं स्वतःच्या स्वतः.

पुढे ते मोल्टन गावात शाळामास्तर आणि तिथल्याच मंडळीचे (चर्चचे) पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, झाले. दोन्हींवर घर चालेना, म्हणून जोडे शिवणं सुरूच होतं. अँड्र्यू फुलर हे त्यांचे मित्र एकदा भेटायला गेले. कामाच्या जागेसमोरच्या भिंतीवर कागद चिकटवून केलेला जगाचा मोठा नकाशा त्यांना दिसला. प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म, जे वाचनात येईल ते त्यावर हाताने लिहिलेलं. हात कातड्यावर आणि डोळे नकाशावर, असे त्यांचे दिवस चालले होते.

एका बड्या मेजवानीत कुणा लष्करी अधिकाऱ्याने त्यांना खिजवण्यासाठी 'हे पूर्वी जोडे बनवायचे ना?' असं विचारलं, तेव्हा कॅरी म्हणाले, 'बनवत नव्हतो, फाटलेले सांधत होतो.' ही आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. त्यांच्या स्वभावाशी ती पुरेपूर जुळते.

भारतात ते केव्हा आणि कसे आले?

१७९२ साली त्यांनी परदेशी मिशनची गरज मांडणारी पुस्तिका छापली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावात मूठभर पाळकांनी मिळून बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी केली. १३ जून १७९३ रोजी कॅरी डॅनिश जहाजाने निघाले आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्याला उतरले. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा आपल्या मुलखात मिशनऱ्यांना उघडपणे येऊ देत नसे. त्यामुळे पहिली काही वर्षं त्यांनी माल्द्याकडे मदनावतीला नीळ कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून काढली. दिवसा कारखाना, रात्री बंगाली आणि संस्कृत. राम राम बसू हे त्यांचे मुनशी.

१० जानेवारी १८०० रोजी ते सेरामपूरला आले. डॅनिश गव्हर्नरने आसरा दिला, म्हणून छापखाना उभा राहू शकला. जोशुआ मार्शमन शिक्षक, विल्यम वॉर्ड मुद्रक आणि कॅरी भाषांचे जाणकार, असं हे त्रिकूट जमलं. तिघांची कमाई एका सामायिक फंडात जायची आणि प्रत्येक घराला खर्चापुरतं मिळायचं. कॅरींच्या कॉलेजच्या पगारातला मोठा वाटा असाच छापखान्यात गेला.

त्यांच्या कुटुंबाचं काय झालं?

हा प्रश्न कॅरींच्या गौरवग्रंथांत टाळला जातो, म्हणून इथे सरळ लिहायला हवं. पत्नी डोरोथी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे फुली आहे. त्यांना भारतात यायचं नव्हतं. पोटात मूल होतं, आणि कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन एकटेच निघणार होते. पहिल्या जहाजावरून उतरावं लागल्याने प्रवास लांबला, तेवढ्यात बाळंतपण झालं, आणि बहीण किटी सोबत येणार असेल तरच येते, या अटीवर त्या निघाल्या.

१७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर डोरोथींचं मन जे बिघडलं ते पुन्हा सावरलं नाही. नवऱ्याबद्दल भयंकर संशय, आरडाओरडा, शेवटी खोलीत बंद करून ठेवण्याची वेळ. शेजारच्या खोलीत कॅरी पंडितांबरोबर भाषांतर करत बसलेले असत. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या वारल्या. कॅरींच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्या कामाची किंमत मोजणाऱ्यांत डोरोथींचं नाव पहिलं आहे, आणि त्यांना कुणी विचारून ती मोजायला लावली नव्हती.

पुढे १८०८ मध्ये शार्लट रूमोर या सुशिक्षित डॅनिश बाईंशी त्यांचं लग्न झालं. त्यांचा संसार सुखाचा होता. १८२१ मध्ये त्याही गेल्या. तिसरी पत्नी ग्रेस ह्यूज या शेवटपर्यंत सोबत होत्या.

मराठीकडे ते कसे वळले?

त्यामागे राजकारण होतं. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज काढलं ते कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला. १८०३ ते १८०५ च्या दरम्यान दुसरं इंग्रज-मराठा युद्ध झालं, शिंदे-भोसल्यांच्या मुलखाचे तुकडे कंपनीच्या हाती आले आणि मराठी जाणणाऱ्या साहेबांची निकड भासू लागली. बंगाली आणि संस्कृत शिकवणाऱ्या कॅरींकडे मराठीही आली. शिकवायला पुस्तकच नव्हतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं. १८०५ चं व्याकरण असं जन्माला आलं.

त्याच वर्षी नव्या करारातलं पहिलं पुस्तक, मत्तयकृत शुभवर्तमान, मराठीत छापलं गेलं. १८११ मध्ये नवा करार पूर्ण झाला आणि पुढच्या दहाएक वर्षांत जुना करारही. संपूर्ण बायबल त्यांच्या देखरेखीखाली ज्या सहा भाषांत झालं, त्यांत मराठी एक. बाकीच्या बंगाली, उडिया, असमिया, हिंदी आणि संस्कृत. कोकणीतला नवा करारही सेरामपूरहूनच निघाला.

विशेष म्हणजे कॅरींनी महाराष्ट्र कधीच पाहिला नाही. इंग्लंडलाही ते परत गेले नाहीत.

मग त्यांना मराठी शिकवली कोणी?

पंडित वैजनाथ यांनी. ते कॉलेजातले मुख्य मराठी पंडित, नागपूरकडचे मानले जातात. कॅरींनी व्याकरण आणि कोश या दोन्हींसाठी त्यांचं ऋण मानलं आहे. मुखपृष्ठावर मात्र नाव एकट्या कॅरींचं.

माझं ठाम मत आहे की या कामांना कॅरी-वैजनाथ यांचं काम म्हणायला हवं. वैजनाथांनी स्वतंत्रपणेही पुस्तकं केली. 'सिंहासन बत्तीशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) आणि 'प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) ही सेरामपूरची छापील मराठी गद्य पुस्तकं त्यांच्या हातची. छापील मराठी गद्याच्या आरंभी उभा असलेला हा माणूस आपल्याकडे एखाद्या तळटीपेत सापडतो, आणि याचं वाईट वाटतं.

कोश मोडीत का छापला?

कारण तेव्हा रोजचं मराठी लिहिणं मोडीतच होतं. दप्तरं, हिशेब, पत्रं, वाटणीपत्रं, सगळी मोडी. बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी प्रामुख्याने पोथ्यांसाठी. अधिकाऱ्याला कामाला लावायचं तर त्याला मोडी वाचता यायला हवी. १८०५ मध्ये व्याकरण छापलं तेव्हा मोडीचे खिळे तयार नव्हते, म्हणून ते देवनागरीत निघालं. कोशाच्या वेळी ते तयार होते.

हे खिळे कसे तयार होत ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक अक्षर आधी पोलादाच्या टोकावर उलटं कोरायचं, तो झाला ठसा. तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. मोडीसारखी वळणदार, एकाला एक जोडत जाणारी लिपी सुट्या खिळ्यांत बसवणं हे कारागिराची परीक्षा पाहणारं काम. सेरामपूरला हे काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने सुरू केलं. बंगाली खिळ्यांत छापलेल्या पहिल्या बंगाली व्याकरणाचे (१७७८) खिळे पाडण्यातही त्यांचा हात होता. त्यांच्यामागे जावई मनोहर यांनी पुढची कितीतरी वर्षं एकामागून एक लिप्या घडवल्या.

मराठीतलं पहिलं छापील पुस्तक कॅरींचं, हे खरं आहे का?

नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापलं गेलं, पण रोमन लिपीत. १७७८ मध्ये रोमहून पोर्तुगीजमधलं मराठी व्याकरणही निघालं होतं. सेरामपूरची १८०५ ची पुस्तकं ही देवनागरीत छापलेल्या मराठीच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी आहेत, एवढंच म्हणावं. ते पुरेसं मोठं आहे.

त्यांचं मराठी बायबल लोकांनी वाचलं का?

फारसं नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आदी अमेरिकन मिशनऱ्यांना सेरामपूरची मराठी या बाजूच्या लोकांसाठी कामाची वाटली नाही. त्यांनी आपलं भाषांतर नव्याने केलं आणि १८२६ मध्ये नवा करार पुरा केला. त्यानंतर मराठी बायबलच्या अनेक आवृत्त्या झाल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मराठी चर्चमध्ये आज जे वाचलं जातं त्यात कॅरींची वाक्यं शोधायला जाऊ नये.

याचं कारण त्यांच्या पद्धतीतच आहे. संस्कृत पक्की आली की तिच्या पोटातल्या भाषा लवकर वश होतात, असा त्यांचा विश्वास होता. पंडित आपापल्या भाषेत मसुदा करत, कॅरी तो ग्रीक-हिब्रूशी ताडून पाहत. बंगालीत त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं सुधारणा केल्या. नव्या कराराच्या आठ आवृत्त्या त्यांच्या हयातीत निघाल्या. मराठीच्या वाट्याला असा वेळ आला नाही, आणि ती बोलणारी माणसंही भोवती नव्हती. बाजारात, पारावर, घरात चालणारी मराठी त्यांच्या कानावरून कधी गेलीच नाही. म्हणून भाषांतर मागे पडलं. व्याकरण, कोश आणि खिळे यांनी मात्र पुढच्यांसाठी वाट पाडून ठेवली.

चाळीस भाषांचं श्रेय एकट्या कॅरींना देणं योग्य आहे का?

सेरामपूरच्या छापखान्याने १८०१ ते १८३२ या काळात ४० भाषांत सुमारे २ लाख १२ हजार प्रती छापल्या असं सांगितलं जातं. म्हणून कॅरींना ४० भाषा येत होत्या असं कुणी म्हणेल तर ते खरं मानू नका. बंगाली, संस्कृत आणि मराठीवर त्यांची पकड होती, हिंदीही चांगली होती. इतर अनेक भाषांत ते संपादक आणि तपासनीस होते. त्यांच्याभोवती बसलेल्या पंडितांची रांग बाजूला काढली तर हे काम उभंच राहत नाही.

त्यांचा कामाचा दिवस कसा असे?

१२ जून १८०६ च्या एका पत्रात त्यांनी त्या दिवसाचा हिशेबच दिला आहे. पावणेसहाला उठणं, हिब्रू बायबलचा एक अध्याय, सातपर्यंत प्रार्थना. मग नोकरचाकरांसह बंगालीत प्रार्थना. चहा होईपर्यंत मुनशीबरोबर फारसी. न्याहारीआधी थोडं हिंदुस्तानी शास्त्रवाचन. न्याहारीनंतर दहापर्यंत पंडिताबरोबर रामायणाचं संस्कृतातून इंग्रजी भाषांतर. मग दुपारपर्यंत कॉलेज. परतल्यावर जुन्या करारातल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या बंगाली भाषांतराचं प्रूफ. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडितांबरोबर मत्तयाच्या आठव्या अध्यायाचा बराचसा भाग संस्कृतात, सहापर्यंत. त्यानंतर तेलुगू शिकवायला पंडित. सातला प्रवचनाची जुळवाजुळव, साडेसातला प्रवचन. पाहुणे गेल्यावर जुन्या करारातल्याच यहेज्केलाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय बंगालीत, रात्री अकरापर्यंत. मग हे पत्र. आणि झोपण्याआधी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय.

एका दिवसात इतक्या भाषा. आपल्याकडे प्रतिभा नाही, फक्त चिकाटीने रेटत राहणं जमतं, असं ते पुतण्याला म्हणाले होते. हा कागद वाचल्यावर ते पटतं.

१८१२ च्या आगीत काय गेलं?

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कॅरी कलकत्त्यात होते. दुसऱ्या सकाळी मार्शमननी जाऊन त्यांना सांगितलं. कागद, खिळे आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे हस्तलिखितं जळाली. भारतीय भाषांचा तुलनात्मक महाकोश कॅरी कित्येक वर्षं रचत होते, तो गेला. रामायणाच्या भाषांतराचा पुढचा भाग आणि काही व्याकरणं गेली. छपाईची यंत्रं वाचली, आणि राखेत ठसे व साचे शाबूत सापडले. वितळलेलं शिसं गोळा करून काही आठवड्यांतच पुन्हा खिळे पाडायला सुरुवात झाली. महाकोश मात्र पुन्हा झाला नाही. भाषाभ्यासाचं ते न भरून येणारं नुकसान.

सतीबंदीशी त्यांचा संबंध काय?

१७९९ मध्ये त्यांनी सती जाताना प्रत्यक्ष पाहिलं आणि थांबवण्याचा प्रयत्न केला. तो निष्फळ ठरला. नंतर सरकारला माहिती पुरवणं, लिहिणं चालू राहिलं. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर-जनरल बेंटिंकने बंदीचा कायदा केला आणि बंगाली भाषांतरासाठी तो कॅरींकडे धाडला. कागद हातात पडला तेव्हा रविवार होता. उपदेश दुसऱ्यावर सोपवून ते पंडिताला घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरं केलं. उशिराने आणखी बायका जळतील, ही त्यांची धास्ती होती. या लढ्यात राममोहन रॉय यांचं स्थान मोठं आहे. कॅरींचा वाटाही छोटा नाही.

त्यांच्या नावाचं झाड सह्याद्रीत आहे का?

आहे, आणि तुम्ही ते पाहिलंही असेल. कुंभा. शास्त्रीय नाव कॅरिया आर्बोरिया. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी मित्राच्या नावावरून या झाडाच्या गणाला (जवळच्या जातींच्या गटाला) हे नाव दिलं. पानगळीआधी लालबुंद होणारी पानं, उन्हाळ्यात गुच्छाने येणारी पांढरी-गुलाबी केसराळ फुलं आणि हिरवी गोल फळं. कॅरींची सेरामपूरची बाग नावाजलेली होती. रॉक्सबर्ग यांचे भारतीय वनस्पतींवरचे ग्रंथ त्यांनीच संपादून छापले आणि १८२० मध्ये शेती-बागायतीची संस्थाही स्थापन केली.

त्यांची शेवटची वर्षं कशी गेली?

कठीण. १८२३ मध्ये वॉर्ड पटकीने गेले, त्याच वर्षी पुराने बाग उद्ध्वस्त झाली. १८२७ मध्ये इंग्लंडमधल्या मूळ सोसायटीशी फारकत झाली. कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या आणि कॉलेजचा पगारही घटला. तरी भाषांतराची सुधारणा १८३२ पर्यंत सुरू होती. ९ जून १८३४ रोजी सेरामपुरात ते वारले.

१८१८ मध्ये काढलेलं सेरामपूर कॉलेज आजही चालू आहे. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. पुण्यात ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही सेरामपूरची पदवी मिळते ती याच सनदेच्या आधारे.

त्यांचा मराठी कोश आज वाचता येतो का?

येतो. जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहांत त्याच्या प्रती आहेत. शब्द मोडीत आणि अर्थ इंग्रजीत असल्याने मोडी येत नसेल तर पहिल्याच पानावर अडायला होतं. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात. चारेक आठवडे नेटाने सराव केला तर छापील मोडी वाचता येऊ लागते, हस्तलिखितापेक्षा ती कितीतरी सोपी. सुरुवात १८०५ च्या व्याकरणापासून करा. ते देवनागरीत आहे, आणि पेशवाईच्या अखेरीस मराठी क्रियापदं कशी चालत होती ते त्यात कोष्टकांसकट पाहायला मिळतं.